गारठ्यात विचारायचा प्रश्न

माझी सगळी नोकरी चाकणमध्ये गारठ्यात गेली, असं सांगितलं की लोक हसतात. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजून काढायचं आणि आत मी कानटोपी, जाडजूड कोट आणि एकावर एक दोन हातमोजे चढवून कुडकुडत असायचो. थंड देशांत विकायच्या गाड्या तिकडच्या थंडीत सुरू होतात का, हे बघायला कंपनीत एक मोठी खोली होती. आम्ही तिला गारठाच म्हणायचो. गाडी आत गोठवून ठेवायची आणि मग एकाने जाऊन चावी फिरवायची. चहाला बाहेर आलो की मिशीवरचा बर्फ बघून गेटवरचे वॉचमन माझी टर उडवायचे.

आत एकानेच जायचं, पण काचेबाहेर जोडीदार उभा हवा, असा नियम होता. माझा जोडीदार तिथल्याच गावचा, आणि खाण्यावर त्याचा फार जीव. गारठ्यात माणसाचं डोकं मंद होत जातं आणि ते त्याचं त्याला कळत नाही. बरा आहेस ना? हो. बोटं हलतात ना? हो. कोसळेपर्यंत तो हो म्हणत राहतो. म्हणून जोडीदाराने स्वतःचा एक प्रश्न काढला होता. माइकवरून तो विचारायचा, "भावा, आज डब्यात काय?" याला हो म्हणून भागत नाही, भाजी आठवावी लागते. उत्तर झटकन आलं तर ठीक, अडखळलं की तो दार उघडून ओढून काढणार. एकदा बायको माहेरी गेली होती आणि मी डबाच नेला नव्हता. काय सांगावं या विचारात पडलो, तर पठ्ठ्याने मला फरफटत बाहेर आणलं. "डबाच न्हाई म्हनायचं की राव!" वर मलाच झापलं.

मुलगी शाळेत होती तेव्हा कंपनीने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. मी आत गारठ्यात, बाकीची पोरं आइस्क्रीमपाशी, ही काचेला नाक लावून उभी. जोडीदार तिला म्हणाला, "बाबाच्या तोंडातनं वाफ निघतीय न्हवं? मग काळजी न्हाई." आणि त्याने माइक तिच्या हातात दिला. तिने अगदी गंभीर आवाजात विचारलं, "बाबा, आज डब्यात काय?"

"मेथी," मी म्हणालो.

तिथून पोरीला ध्रुवांचं वेड लागलं. चिंचवडच्या वाचनालयातून मी तिला जुन्या मोहिमांची पुस्तकं आणून द्यायचो. लाकडी जहाजं बर्फात चिरडली, बोटं झडली, ओढगाडीचे कुत्रे मारून खावे लागले, आणि त्यातून जिवंत परतलेली माणसं वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तिकडेच निघाली. बायको पोळ्या लाटता लाटता विचारायची, "तिथे एवढं आहे तरी काय?" मुलगी म्हणायची, "काहीच नाही, म्हणून तर."

मला ते पटायचं. गारठ्याचं दार मागे बंद झालं की सगळं गप्प होई आणि आपण आहोत एवढंच उरे. रविवारी घरी मला त्या खोलीची आठवण यायची. बायकोला हे सांगायची सोय नव्हती. त्या पुस्तकांतला एक भाग मात्र मी तेव्हा न थांबता ओलांडून जायचो. घरी मागे कोण राहिलं, त्यांचं काय झालं, याबद्दल फार तर एक ओळ असायची.

आता मीच त्या ओळीत आहे. बायको जाऊन दोन वर्षं झाली, मी निवृत्त झालो आणि मुलगी अंटार्क्टिकावरच्या भारताच्या तळावर बर्फात चालणाऱ्या गाड्यांची देखभाल करायला गेली. रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल तो पेंग्विनची चौकशी करतो. माझी कोणी करत नाही, आणि केली तर मी म्हणतो, मजेत. घर इतकं गप्प आहे की फ्रिज बंद झाला तरी दचकायला होतं. स्वयंपाक मी सोडूनच दिला होता. चहात बिस्किटं, कधी बेकरीतला पाव. डबा माळ्यावर गेला होता.

ती उन्हाळ्यापुरतीच गेली होती, तिकडच्या उन्हाळ्यापुरती. मार्चमध्ये जहाजाने परतायची होती. मी तिची खोली झाडून गादीला ऊनही दाखवलं. मग एका दुपारी तिचा फोन आला. हिवाळ्याला थांबणारा मेकॅनिक आजारी पडून परत निघाला होता आणि ती थांबेल का असं तिला विचारलं होतं. एकदा जहाज सुटलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ना कोणी येणार, ना कोणी जाणार. मधले कित्येक आठवडे सूर्यसुद्धा नाही.

"मला राहायचंय, बाबा," ती म्हणाली. "पण तुम्ही एकटे आहात. तुम्ही बरे असाल तरच."

नको राहू, ये, हे शब्द ओठांवर आले होते. मला तिचा रागही आला, की हे माझ्या गळ्यात का घालतेस.

"मी बरा आहे," मी म्हणालो.

"जेवण वेळेवर?"

"हो."

"झोप लागते?"

"हो."

मग तिने विचारलं, "बाबा, आज डब्यात काय?"

एक क्षण जरी थांबलो असतो तरी ती जहाजात बसली असती. मला ते पक्कं माहीत होतं, आणि मला तेच हवं होतं.

"मेथी," मी झटकन म्हणालो. "आणि बाजरीची भाकरी. आत्ताच जेवलो."

"फोटो पाठवा ना. तुमच्या हातची भाकरी कशी होते बघू."

फोन ठेवला आणि पिशवी घेऊन काळेवाडीच्या मंडईत धावलो. जुडी घेतली, गिरणीतून पीठ आणलं, मेथी निवडली. पहिल्या दोन भाकऱ्या तव्यावरच मोडल्या. तिसरी जरा बरी झाली, तशी ताटात वाढून फोटो काढला. "हे बघ, उरलेली," असं लिहून पाठवला आणि जेवायला बसलो. कितीतरी दिवसांनी नीट जेवलो.

तिचं उत्तर आलं तेव्हा हात धुवायचाच होता.

"उरलेल्या भाकरीतून वाफ निघतेय, बाबा."

मी फोटो पुन्हा बघितला. निघत होती. आता संपलं, मला वाटलं, येते म्हणणार. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खालून दुसरा मेसेज आला.

"मला राहता यावं म्हणून एवढी धावपळ केलीत. मी राहते. पण हा प्रश्न रोज विचारणार."

मी ताटापाशीच बसून रडलो. मग उठून माळ्यावरचा डबा काढला आणि घासून पालथा घातला.

जहाज सुटलं त्या दिवशी दुपारी तिने विचारलं. सकाळी उठून मी कारल्याची भाजी केली होती, जरा करपली होती.

"कारलं," मी सांगितलं. आठवावं लागलं नाही.