घर न बघता दिलेलं पिल्लू

आमच्या लॅब्राडॉर कुत्रीला सहा पिल्लं झाली, तेव्हा घ्यायला येणाऱ्यांची मी पोलीस ठाण्यात बसवून करावी तशी चौकशी करायचे. दिवसा घरी कोण असतं? गावाला गेलात तर कुत्रं कुठे ठेवाल? म्हातारं झालं तर? शिवाय त्यांचं घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय पिल्लू द्यायचं नाही, हा माझा नियम. नवरा म्हणायचा, "तुझ्या वडिलांनी माझीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती." खोटं नव्हतं.

आमच्या हिंदीभाषी शहरातल्या ओमती बाजारातल्या एका दुकानदाराला गोदामाच्या राखणीला हवं होतं. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

पाच पिल्लं गेली. उरलं ते सगळ्यांत लहान आणि भित्रं, कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या पायांत शिरणारं. त्याच्यासाठी एक जोडपं आलं. बाई दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी काय? इथं मराठी कानावर पडली का माहेरी आल्यावानी वाटते."

झालं, मी विरघळले. माझी स्वतःची मुलं मला हिंदीत उत्तरं देतात. ती अमरावतीकडची, आम्ही वर्ध्याचे. तासभर आम्ही पाटवडी आणि सांबारवडीवर बोलत बसलो. घर बघायचा विषय मी काढलाच नाही. आपल्या माणसांवर कसला पहारा ठेवायचा! जाताना पिल्लासोबत त्याची चादरही दिली.

महिनाभर फोटो आले, मग थांबले. मी फोन केला तेव्हा बाई अगदी सहज म्हणाली, "अहो ताई, फ्लॅटमधी लय घाण करून राहिलं होतं. यांच्या ओळखीतल्या शेतावर देलं, कुंडमले. मस्त मोकळ्या हवेत आहे. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडमला गेलो. शेत जंगलाला लागूनच होतं. राखणदार म्हाताऱ्याने बसायला खाट टाकली, पाणी दिलं आणि मग सांगितलं, "तेंदुआ ले गया, दीदी. बाहर बँधा था. भौंका तक नहीं." बिबट्याने नेलं होतं माझं पिल्लू. मी तिथेच रडले. म्हातारा बिचारा गोंधळून गेला. कुत्र्यासाठी कुणी असं रडताना त्याने पाहिलं नसावं.

त्याच्यावर मला रागावताही येईना. हा माणूस माझ्या दारात आला असता, तर राखणीलाच हवं असं त्याने सरळ सांगितलं असतं, मी त्याला वाटेला लावलं असतं आणि पिल्लू वाचलं असतं.

निघताना तो म्हणाला, "और हो तो एक दे दीजिए. ज़रा तेज़ वाला."

नाही म्हणाले. घरी येऊन त्या बाईला फोन करायला मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. काय बोलणार होते? ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती. मी तिला काही विचारलंच नव्हतं.