श्रीरंगची मेक्सिकन बाई

आमचा अमेरिकेतल्या श्रूजबरीचा श्रीरंग कानडे सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळायचा आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकट करायचा. मेक्सिकोतल्या प्राचीन मातीच्या मूर्तींचा त्याला भारी नाद. कुणी सुट्टीत कॅनकूनला जाऊन एखादी मूर्ती आणली की हा भिंग घेऊन हजर.

"फेक आहे यार. ही माती वरून फासलीय, बघ, ओल्या बोटाला लागली."

यजमानांचा चेहरा पडायचा आणि याचा खुलायचा. मग लोकांनी त्याला जेवायला बोलावण्याआधी शोकेस आवरायला सुरुवात केली.

त्याच्याकडे स्वतःची अशी एकच मूर्ती होती, वीतभर उंचीची, मांडी घालून बसलेली बाई. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पश्चात त्यांच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून २००१ साली आणलेली. ती हजारदीड हजार वर्षांपूर्वीची आहे यावर त्याचा इतका विश्वास की तिच्यावर भिंग धरायचं त्याने सहा वर्षं टाळलं. आम्ही चिडवायचो, "हिचं टेस्टिंग कधी?" ते त्याला लागायचं. शेवटी २००७ च्या वसंतात त्याने हॅना लिंड नावाच्या निवृत्त पुरातत्त्वज्ञ बाईंची वेळ घेतली. श्रीरंग आणि त्याची बायको शोभना यांना घेऊन गाडी मी चालवली.

हॅनाबाईंनी मूर्ती दिव्याखाली धरली. अंगावरचे काळे ठिपके पाहिले. जमिनीत शतकानुशतकं पुरलेल्या मातीवर असे ठिपके धरतात, पण नकली माल करणारे ते रंगवतातही, असं म्हणाल्या. मग कपाळाशी थांबल्या. केसांच्या रेघांमध्ये लाल रंग खोलवर बसला होता.

"थडग्यात ठेवताना मूर्तींना असा लाल रंग लावत. हा नंतर फासलेला वाटत नाही, थरावर थर आहे. मला वाटतं, तुमची मूर्ती खरी आहे."

श्रीरंगचे डोळे भरून आले. मी त्याची पाठ थोपटायला हात उचलला, तर शोभना माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा काही वेगळंच सांगत होता. श्रीरंगनेही तो पाहिला आणि त्याला उमगलं. अमेरिकेला येताना सामानाचं वजन वाढलं म्हणून शोभनाने गौरीचा पितळी मुखवटा नागपूरलाच ठेवला होता. ही मातीची बाई घरात आल्यापासून दर भाद्रपदात ती हिलाच साडी गुंडाळायची, हळदीकुंकू वाहायची.

तो गप्प बसला असता तर आम्हीही बसलो असतो. खरंच सांगतो, गप्प बस असं मी मनात म्हणत होतो.

"मॅडम, ते कुंकू आहे," श्रीरंग म्हणाला. "आमच्या घरचं. माझी बायको हिची पूजा करते."

हॅनाबाई खो खो हसल्या. मग त्यांनी कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं द्रव घेतलं आणि एका काळ्या ठिपक्यावर फिरवलं; खरा ठिपका याने निघत नाही, म्हणाल्या. ठिपका बोळ्यावर उतरला. दुसराही उतरला.

परत येताना श्रीरंग मागच्या सीटवर शोभनाशेजारी बसला. म्हणाला, "एवढी एकच खरी वस्तू होती माझ्याकडे. तीही गेली."

"गेली कुठे?" शोभना म्हणाली. "ही काय, माझ्या मांडीवर आहे. खरी निघाली असती तर तुम्ही ती म्युझियमला देऊन टाकली असती. मी तर सकाळपासून घाबरून बसले होते."

"मग कुंकवाचं तिथे बोलली का नाहीस?"

"तुमचं मन मोडलं असतं."

मी आरशातून पाहिलं. श्रीरंगने मूर्ती हळूच आपल्या मांडीवर घेतली आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली.