आधी पान आणा

वडील सातवी शिकलेले. गावात त्यांचं खताऔषधांचं दुकान होतं. नव्या नियमाचं पत्र आलं: शेतीची पदवी नसलेल्या दुकानदाराने वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, नाहीतर मुदत संपल्यावर परवाना वाढवून मिळणार नाही. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे कोरी वही मागितली.

दर रविवारी ते एसटीने जुन्नरला वर्गाला जात. रोज संध्याकाळी दुकानात मी त्यांचा अभ्यास घेई. औषध किती विषारी ते सांगणाऱ्या बाटल्यांवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या खुणांचा अर्थ त्यांना पाठ होता. जीभ अडायची ती रसायनांच्या नावांवर.

"तात्या, पास झाल्यावर सायेब व्हणार का?" गिऱ्हाईकं चिडवत.

"व्हईन की. तवर तू पान आण."

रोगट पान पाहिल्याशिवाय ते कुणाला औषध देत नसत. लोक वैतागायचे. आळेफाट्याच्या दुकानांत कुणी पान मागत नाही, म्हणायचे. "मग जा तिकडं," वडील शांतपणे सांगत.

तोंडी परीक्षेला मी त्यांच्याबरोबर गेले आणि दाराशी थांबले. परीक्षकांनी विचारलं, "टोमॅटोवर करपा आलाय. कोणतं औषध द्याल?"

हे उत्तर मी आदल्याच दिवशी तीनदा घेतलं होतं. वडील म्हणाले, "आधी पान आण म्हनंन."

"पान नाही. शेतकरी घाईत आहे."

"मंग न्हाई देनार, सायेब."

परवाना गेला, असं मला वाटलं.

"का नाही देणार?"

"करपा म्हनून येत्यात, अन् निघतो शेजारच्या तणनाशकाचा वारा लागलेला. औषध फुकट रानात पडतं. तितनं हिरीत उतरतं. ते पानी आमीच पितो."

परीक्षक म्हणाले, "बरं, पान आणलंय असं धरा."

मग वडिलांनी औषधाचं नाव, प्रमाण, फवारल्यावर किती दिवस तोडा करायचा नाही, सगळं न अडखळता सांगितलं. परवाना वाढवून मिळाला.

गेल्या महिन्यात ते गेले. परवान्याची मुदत अजून बाकी आहे. पण तो त्यांच्या नावाचा, आणि दुकान चालवणारं घरात कुणी नाही. कार्यालयात परत करायचा म्हणून मी तो भिंतीवरून काढत होते, तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. हातात पिशवी, पिशवीत टोमॅटोची दोन पानं.

"दुकान बंद झालंय, भाऊ," मी म्हणाले.

"ठावं हाय, ताई. आळेफाट्याला चाललोय."

"तिकडे पान बघतात का?"

"न्हाई बघितलं, तर दुसऱ्या दुकानात जाईन."