रोज मरणारा माणूस

हॉलंडात मुलाच्या घराजवळ रोमन आखाड्याची नक्कल बांधलीय. खऱ्या आखाड्यात माणसं मरायची. इथं एक ढेरपोट्या सुरिनामी, मूळचा भारतीय वंशाचा, रोज लढता लढता खोटा मरतो. पडला की तो लोकांना विचारतो. अंगठा वर म्हणजे जगू दे, खाली म्हणजे मार. सगळे हसत खाली करतात, मी एकटा वर. एक जरी वर दिसला तरी त्याला उठून पुन्हा लढावं लागतं.

एकदा घाम पुसत मोडक्या हिंदीत म्हणाला, "चाचा, एक दिन तो मरने दो. खाना ठंडा होता है."

मी म्हटलं, "बायको गेली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तू विचारतोस."

तो ढाल मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी त्याला गार खाल्ले तरी चालणारे धपाटे दिले, आणि अंगठा वरच केला.