महाराजांची 'खाली' जागा

लोबानाचा वास आला की देवासच्या मठातला तो गुरुवार आठवतो. शरीफचाचा दर्ग्यातून लोबान घेऊन भजनाला येत. "चाचा की जगह खाली रखना," ओट्यावर आपल्या शेजारी हात ठेवत महाराज मला म्हणाले. मी चाचांचं आसन ओट्याच्या खाली अंथरलं. चाचा आले आणि तिथेच बसले. महाराज उठले आणि उतरून त्यांच्या शेजारी बसले.

"भिया मराठी हैं, हिंदी में गच्चा खा गए!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, चाचासुद्धा. आजही तो किस्सा माझी भाबडी चूक म्हणूनच सांगतात.

पण मी जन्मलो देवासात, शिकलो हिंदीत. 'खाली' म्हणजे रिकामी, हे मला पक्कं ठाऊक होतं. महाराजांच्या शेजारी चाचा मलाच नको होते.