खडू संपला

अष्टमीहून पूल ओलांडून रोह्याच्या शाळेत पोचेपर्यंत वाटेत कुणाच्या घरी हक्कानं संडासाला जाता येतं, हे वृंदाबाईंना तोंडपाठ होतं. आतडं हळवं आहे, बाकी रिपोर्ट सगळे नॉर्मल, असं डॉक्टर म्हणाले होते. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर लोकांनी आजारच मोडीत काढला. 'मनाचे खेळ गो,' म्हणायला कुणाचं काय जातं! बाई बिचाऱ्या पहाटे उठून मऊ भात आणि मुगाचं वरण खायच्या, काय खाल्लं आणि पोट कसं वागलं ते वहीत टिपायच्या. तरी तपासणी किंवा पालकसभा आली की पोटात पीळ पडायचाच.

खरं काय ते एकट्या ऋजुताला ठाऊक होतं. शेजारच्या वर्गावरची शिक्षिका, बारा वर्षांपासूनची मैत्रीण. कळ आली की वृंदाबाई तिच्या दारात जाऊन म्हणायच्या, "ऋजुता, माझा खडू संपला." मग ऋजुता दोन्ही वर्ग सांभाळायची. मुलांना कधी पत्ता लागला नाही. आमच्या बाई फळा भरून शिकवतात, असंच पोरं घरी सांगायची.

यंदा मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. वृंदाबाई सगळ्यांत जुन्या, आणि त्यांना ती जागा मनापासून हवी होती. मुलाखत पेणला, संस्थेच्या ऑफिसात. आदल्या दिवशी त्या नुसत्या मऊ भातावर राहिल्या. पोट शहाण्यासारखं वागलं, उत्तरंही चोख गेली.

शेवटी अध्यक्ष रघुनाथराव चष्मा पुसत म्हणाले, "बाकी सगळं उत्तम हो. पण बाई, तुमचा खडू फार लवकर संपतो म्हणे?"

शेजारचे दोघे खाली मान घालून हसले. वृंदाबाईंची कानशिलं तापली. त्या शब्दाचा अर्थ जगात दोघींनाच माहीत होता. परतीच्या गाडीत त्यांना रडूही आलं नाही, इतका राग आला होता.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं, ऋजुताच्या नावाचं. दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीत पेढे घेऊन आली. वृंदाबाईंसाठी वेगळा डबा होता. "तुला दुधाचं सोसत नाही ना, म्हणून कुरमुऱ्याचे लाडू केलेत," ती हळूच म्हणाली. "रागावू नकोस गो. काळजीपोटीच बोलले मी. तुला झेपलं असतं का ते सगळं?"

वृंदाबाईंनी डबा बाजूला सारला. पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

"अगं, त्रास होईल!" ऋजुता घाबरून म्हणाली.

"होईल की," वृंदाबाई म्हणाल्या. "माझं पोट दगा देतं, हे मला रोज माहीत असतं. तुझं माहीत नव्हतं."