आमच्या पाच जणांचा इंडेक्स

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीतून आम्ही पाच जण सकाळी चालायला निघतो. त्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांना सगळीकडे शेअर बाजाराचा इंडेक्सच दिसतो. सोसायटीची मीटिंग फिसकटली की म्हणतात, "इंडेक्समध्ये सगळ्या कंपन्या सारख्या नसतात, मोठीचं वजन जास्त. सेक्रेटरी एकटे चिडले, अख्खी मीटिंग खाली आली." आणि कोणी लिफ्ट अडवली की जिन्यातून ओरडतात.

माझी नोकरी गेली तेव्हा मी चालायला जाणं बंद केलं. आठवड्याभराने बेल वाजली. दारात काका, बूट घालून.

"काका, मी आता सगळ्यातून बाहेर पडलोय."

"इंडेक्समधून पण कंपन्या बाहेर काढतात. बाजारात किंमत घटली की जागा दुसरीला. म्हणून काय कंपनी बंद होत नाय. दुसऱ्या दिवशी तिचं गेट उघडतंच. चला."

"उद्या येतो."

"आपल्या पाचांत तुमचं वजन किती, ते तुम्हाला माहीत नाय."

मी बूट घालून येईपर्यंत त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं होतं. खालून लोक ओरडत होते. काका ढिम्म.

थँक्यू म्हटलं तर चिडतील, म्हणून मी रोज त्यांच्या आधी खाली उतरतो.